मफलर शिवताना

(महिला मंडळाच्या शिवणकाम मेळाव्यात केलेले भाषण)



वसईत मफलर शिवायचा म्हटल्यावर हसू येणारच. नाताळात पंखा एकने कमी केला की झाली आपली थंडी! पण आपल्याच जिल्ह्यात जव्हार आहे, सुमारे दीड हजार फूट उंचीवर, आणि त्याच्या पलीकडे मोखाडा. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या आश्रमशाळांतली मुले सकाळी परिपाठाला उभी राहतात ती हात काखेत धरून. मफलर त्यांच्यासाठी आहेत.

जुने कपडे आपण दर वर्षी पाठवतो. त्यात चेन तुटलेले, कोपर विरलेले स्वेटरही येतात, हे स्पष्ट बोलायला हवे. एका आश्रमशाळेत मुली गठ्ठ्यातून निवड करत होत्या. सर्वांत जाड स्वेटर तसाच पडून राहिला. पिवळ्या फुलाचा पातळ स्वेटर आधी गेला. तेव्हा मफलर ऊबदार हवा, तसाच देखणाही हवा.

कापड फ्लीसचे घेऊ. ते विणीचे असते, त्यामुळे कापल्यावर धागे सुटत नाहीत आणि कडा दुमडाव्या लागत नाहीत. ज्यांना शिवण येत नाही त्यांनाही जमेल. 58 इंच पन्ह्याचे एक मीटर कापड घ्या. पन्ह्याचे दोन भाग केले की 29 इंच लांबी मिळते. पाच इंच रुंदीच्या सात पट्ट्या धरल्या तर चौदा मफलर निघतात, आणि उरलेल्या चार इंचांत फुले. इस्त्री मात्र अजिबात नको.

29 इंच म्हणजे आखूड, असे तुम्ही म्हणाल. मुद्दामच आखूड. लांब मफलर खेळताना कशात तरी अडकतो आणि गळ्याला फास बसतो. म्हणून एका टोकापासून पाच इंचांवर तीन इंचांची उभी चीर पाडायची आणि तिच्या कडांना काजटाका घालायचा. दुसरे टोक त्यातून ओवले की झाले, गाठ मारायची गरजच नाही. मणी आणि बटणे नकोत, लहान मुले ती तोंडात घालतात. झालरही नको.

आता विस्तवाचे. फ्लीस म्हणजे पॉलिस्टर, आपल्या पाण्याच्या बाटलीच्याच जातीचे. अमेरिकेतल्या माल्डन मिल्सने 1979 च्या सुमारास हे कापड काढले ते थंडीत फिरणाऱ्यांसाठी, चुलीपुढे बसणाऱ्यांसाठी नव्हे. ठिणगी पडली की ते वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापडही पेटते, पण असे चिकटत नाही. त्यामुळे चुलीपाशी, शेकोटीपाशी मफलर काढून ठेवायचा, हे मुलांना गुरुजींनी आणि बाईंनी तोंडी सांगायला हवे. गठ्ठ्यात चिठ्ठी टाकून भागणार नाही.

दिवाळीनंतर त्याच गावांतली कितीतरी कुटुंबे जगायला बाहेर पडतात, आपल्या वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवरही येतात. तिथली मुले रात्री शेकोटीच्या बाजूलाच झोपतात. त्यांना फ्लीस द्यायचे नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्यासाठी जुन्या सुती लुगड्यांच्या गोधड्या घालू. धावदोरा आपल्या आजीबाईंच्या हातात अजून आहे, त्यांनाच पुढे बसवा.

सजावटीसाठी वारली माणसे काढावीत, अशी एक सूचना आली. मला ती पटली नाही. लग्नाचा चौक तिथल्या सवाशिणी स्वतः तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहितात. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच चित्रकलेसाठी. त्यांचीच चित्रे आपण त्यांना शिवून द्यायची, हे मला विचित्र वाटते. आपल्या वाडीतली फुले देऊ: सोनचाफा, मोगरा, जास्वंद. सोनचाफ्याच्या पाकळ्या लांबट कापा, मधोमध टाके घालून घट्ट बसवा. टोके मोकळी सोडली की फूल उठून दिसते. क्रूस नको, संस्थेचे नावही नको. मफलर त्या मुलाचा आहे.

रंग सगळे सारखे घेऊ नका. चौदा मुली असतील तर चौदा जणींना निवडायला मिळू दे. येत्या शनिवारी येताना प्रत्येकीने कात्रीला धार लावून आणा. बोथट कात्रीखाली फ्लीस नुसते सरकते.