कांचेच्या पेटींतील तळें

शहरांतील घरांत मासे पाळण्याची हौस आतां नवी राहिलेली नाहीं. मुलाच्या वाढदिवशीं कोणी आप्त कांचेचा वाटोळा गोल आणि दोन सोनेरी मासे भेट म्हणून आणतो. चार दिवस सारें घर त्या गोलाभोंवतीं जमतें. आठव्या दिवशीं पाणी धुरकट होतें, पंधराव्या दिवशीं एक मासा उलटा तरंगतांना दिसतो, आणि महिना पुरा होण्यापूर्वीं गोल धुऊनपुसून माळ्यावर जातो. वडील माणसें मुलाची समजूत घालतात कीं, मासे फार नाजूक असतात. हा निवाडा माशांवर अन्याय करणारा आहे. ज्या पाण्यांत त्यांना ठेवलें, त्या पाण्यानेंच त्यांना हळूहळू विष पाजलेलें असतें. तें विष कोठून येतें आणि फारसा पैसा न खर्चितां तें कसें टाळतां येतें, हा या भाषणाचा विषय आहे.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. न खाल्लेलें अन्न कुजलें म्हणजे त्यांतूनही अमोनियाच निघतो. नदींत किंवा तळ्यांत पाणी अफाट असतें, तळाशीं चिखल असतो व चिखलांत वनस्पति रुजलेल्या असतात, म्हणून तेथें हें विष सांचून राहत नाहीं. चिखलांतील एका जातीचे सूक्ष्म जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. तेंही माशांना घातकच. दुसऱ्या जातीचे जंतु नायट्राइटचें नायट्रेट करतात, आणि तें पुष्कळच निरुपद्रवी असतें. हे जंतु माती, दगड, पानें, कांच अशा सर्व पृष्ठभागांवर वस्ती करतात; परंतु नव्या पेटींत त्यांची वस्ती पुरती होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशीं सोडलेले मासे मरतात ते या मधल्या काळांत. मासे पाळण्याच्या हौसेंत सर्वांत महाग वस्तु कोणती असेल तर ती घाई होय.

वनस्पति आणि प्राणी एकमेकांच्या आधारानें जगतात हें ज्ञान प्रयोगांतून आलें. १७७१ सालीं जोसेफ प्रीस्टली या इंग्रज संशोधकानें दाखविलें कीं, मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याच्या रोपानें पुन्हा सुधारते. १७७९ सालीं यान इंगेनहौझ यानें सिद्ध केलें कीं, हें कार्य वनस्पतीचे हिरवे भाग करतात आणि तें केवळ उजेडांतच होतें. पुढें १८४९ सालीं लंडन येथील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें सुमारे बारा गॅलन, म्हणजे जवळजवळ ५४ लिटर पाणी मावेल अशा कांचेच्या भांड्यांत तळाशीं वाळू व चिखल घातला, व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति लावली व दोन सोनेरी मासे सोडले. कांहीं दिवसांनीं वनस्पतीचीं जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें. तेव्हां त्यानें तळ्यांतल्या पांच-सहा गोगलगाई आंत सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं आणि पाणी निवळलें. मासे, वनस्पति व गोगलगाई या तिघांचा मेळ बसला. हा वृत्तांत त्यानें १८५० सालीं प्रसिद्ध केला.

अलीकडे डायना वॉल्स्टाड या अमेरिकन विदुषीनें १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत याच मार्गाची शास्त्रीय मांडणी केली. बहुतेक पाणवनस्पति नायट्रेटपेक्षां अमोनियाच अधिक आवडीनें शोषून घेतात, हा तिच्या विवेचनांतील कळीचा मुद्दा आहे. म्हणजे जें माशांना विष, तेंच वनस्पतींना अन्न. भरगच्च वनस्पति लावलेली पेटी आपली सफाई बऱ्याच अंशीं आपणच करते. तिला मोठें गाळणयंत्र, कर्बवायूची नळकांडी अथवा बाटल्यांतील औषधें यांची गरज राहत नाहीं.

अशी पेटी मांडण्यास दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी पुरेशी होते. तींत सुमारे ५६ लिटर पाणी मावतें. वॉरिंग्टनचें भांडेंही एवढेंच होतें. याहून लहान पेटी स्वस्त पडते, परंतु थोडें पाणी लौकर तापतें व लौकर बिघडतें. कोणाची जुनी टाकी मिळत असल्यास ती अवश्य घ्यावी, मात्र गच्चीवर किंवा सज्जांत एक दिवस भरून ठेवून गळती पाहावी. पाणी, माती व कांच मिळून वजन साठ किलोंच्या वर जातें, म्हणून खालचें मेज भक्कम व सपाट असावें.

तळाशीं एक इंच जाडीचा मातीचा थर द्यावा. माती बागेंतली साधी असावी. तींत शेणखत, रासायनिक खत किंवा कडुनिंबाची पेंड मिसळलेली नसावी. रोपवाटिकेंतल्या तयार मिश्रणांत या वस्तु बहुधा असतात, म्हणून विचारून घ्यावें. माती चाळून, कांहीं दिवस पाण्यांत भिजवून, वरचें पाणी दोन-तीन वेळां ओतून टाकावें. तिच्यावर धुतलेल्या जाड वाळूचा एक इंच थर द्यावा. वाळू फार बारीक असली तर खालच्या मातीचा श्वास कोंडतो. समुद्रावरची वाळू घेऊं नये. तींत शिंपल्यांचा चुरा असतो व त्यानें पाणी जड होतें. शंका आल्यास चिमूटभर वाळूवर लिंबू पिळावें. फेस आला तर ती वाळू टाकून द्यावी.

पाणी नळाचें चालतें. त्यांत केवळ क्लोरीन असेल तर पसरट भांड्यांत एक दिवस उघडें ठेवल्यानें तो उडून जातो. क्लोरामीन वापरलेलें असल्यास तें उडत नाहीं. त्यासाठीं सोडियम थायोसल्फेट वापरावें लागतें. घरांतल्या शुद्धीकरणयंत्रांतून क्षार काढून टाकलेलें पाणी पिण्यास उत्तम असलें तरी नुसतें तेंच पेटींत भरूं नये. वनस्पतींना व माशांना क्षार हवे असतात. ओततांना वाळूवर बशी ठेवून तिच्यावर धार धरावी, म्हणजे माती उसळत नाहीं.

वनस्पति पहिल्याच दिवशीं आणि दाट लावाव्यात, हा या पद्धतीचा गाभा आहे. दोनचार काड्या खोंचून त्या वाढण्याची वाट पाहिली तर उजेड व अन्न यांचा लाभ शेवाळास होतो. भराभर वाढणाऱ्या जाति प्रथम निवडाव्यात: शाळेंतील प्रयोगांत नरसाळ्याखालीं ठेवतात ती हायड्रिला, फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया, पाण्यांत मोकळी राहणारी हॉर्नवर्ट. वर थोडें टिकलीएवढ्या पानांचें डकवीड तरंगत ठेवावें. याच वनस्पतींची छाटणी दर महिन्यास करावी लागते, म्हणून ज्याच्या घरीं अशी पेटी आहे त्याच्याकडून त्या फुकट मिळतात. उजेडासाठीं आठ-दहा वॅटचा पांढरा एल. ई. डी. दिवा पुरतो. तो सकाळीं पांच तास, मग चार तास विश्रांति, पुन्हा पांच तास असा लावावा; मधल्या विश्रांतींत वनस्पतींनीं वापरलेला कर्बवायु पाण्यांत पुन्हा सांचतो. पेटी पूर्वेच्या खिडकीपाशीं असल्यास बरें; चैत्र-वैशाखांतील दुपारचें ऊन मात्र तिच्यावर येऊं देऊं नये.

यानंतर निदान तीन आठवडे थांबावें. या काळांत डांसांनीं अंडीं घालूं नयेत म्हणून टाकीवर मच्छरदाणीचें कापड ताणून बांधावें. डेंग्यूचा डांस अशाच स्थिर व स्वच्छ पाण्याच्या शोधांत असतो. चार गोगलगाई सोडाव्यात. नवीं हिरवीं पानें फुटूं लागलीं व पाणी निवळलें म्हणजे माशांची वेळ आली असें समजावें.

मासे थोडे व लहान घ्यावेत. सोनेरी मासा वीतभर वाढतो. त्याला ही पेटी तुरुंग ठरते. दीड इंचाचा झेब्रा मासा मात्र या पेटीस शोभतो. तो भारतीय उपखंडांतलाच असून फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालीं गंगेच्या माशांवरील ग्रंथांत त्याचें वर्णन प्रथम केलें. थंडीच्या दिवसांत त्याला पाणी तापविण्याच्या यंत्राची गरज पडत नाहीं. तो कळपानें राहतो, म्हणून सहा घ्यावेत. उडी मारतो, म्हणून झांकण ठेवावें. डांस-निर्मूलनासाठीं नगरपालिका वांटतात ते गप्पी मासेही चालतात, परंतु केवळ नरच ठेवावेत. एरवीं त्यांची संख्या लौकरच आटोक्याबाहेर जाते. अन्न दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच. गोगलगाई भराभर वाढूं लागल्या तर अन्न जास्त पडत आहे हें ओळखावें.

प्रारंभीं दर आठवड्यास व पुढें महिन्यास एकदां चतुर्थांश पाणी बदलावें. आटलेल्या पाण्याची नुसती भर घालणें म्हणजे बदल नव्हे. पाणी आटतें, पण क्षार मागें राहतात. काढलेलें पाणी तुळशीला घालावें. तिला तें मानवतें. रात्रीं वनस्पतिही माशांप्रमाणेंच प्राणवायु घेतात, म्हणून पहांटे मासे पृष्ठभागाशीं तोंड उघडून धापा टाकूं लागले तर मासे जास्त झाले किंवा तळाशीं कांहींतरी कुजलें असें समजून लगेच पाणी बदलावें.

एक गोष्ट कटाक्षानें पाळावी. नकोसे झालेले मासे किंवा छाटलेल्या वनस्पति नदीनाल्यांत कधींही सोडूं नयेत. हौशी लोकांच्या टाक्यांत शोभणारा दक्षिण अमेरिकेंतील सकर मासा आज उजनीच्या जलाशयांत कोळ्यांच्या जाळ्यांत येतो. नदींतून मासे उचलून आणणेंही तितकेंच अनिष्ट. केरळ-कर्नाटकांतील नद्यांतला डेनिसन बार्ब हा देखणा मासा या व्यापारासाठीं इतका पकडला गेला कीं, त्याची गणना आतां संकटग्रस्त जातींत होते. मासे विकत घेतांना ते पैदास केंद्रांतले आहेत कीं नदींतले, हें विचारणें म्हणूनच अगत्याचें आहे.

हिशेब केला तर टाकी व दिवा यांवर खरा पैसा जातो. माती, वनस्पति व गोगलगाई जवळजवळ फुकट मिळतात, आणि मासे सर्वांत शेवटीं व सर्वांत स्वस्त. उरतात ते तीन आठवडे, आणि तेच मुलांना सर्वांत कठीण वाटतात. पण त्या दिवसांत पानांवर चढणारे प्राणवायूचे बुडबुडे, मातींतून सरकणारीं पांढरीं मुळें आणि कांचेवरून चालणारी गोगलगाय हीं मुलांना दाखवावींत. तीं पाहिल्यावर मासे येण्यापूर्वींच मुलें टाकीपाशीं बसूं लागतात, आणि पुढें आलेला मासा पंधरा दिवसांनीं मरावा असें तीं होऊं देत नाहींत.