फॉरमॅट मारण्याआधी

गटाचा किंवा ग्रामसंघाचा संगणक बिघडला, की तालुक्याच्या दुकानातला पोरगा हमखास विचारतो, "ताई, फॉरमॅट मारू का? आतलं काही ठेवायचंय का?" त्या घाईत आठवायला गेलं तर निम्मं राहून जातं. म्हणून कशाची नक्कल काढून ठेवायची, ते आजच ठरवू.

संगणकातल्या बहुतेक फायली आपल्या नसतातच. 'विंडोज' आणि 'प्रोग्राम फाइल्स' हे फोल्डर भलेमोठे दिसतात, पण ते सगळं नव्याने टाकता येतं. त्यांनी पेनड्राइव्ह भरू नका. सातबारासुद्धा महाभूमीवरून पुन्हा निघतो. प्रत्येक फायलीला एकच प्रश्न विचारा: ही गेली तर दुसरीकडून मिळेल का?

इतिवृत्त, ठराव, बचतीची आणि कर्जाची यादी दुसरीकडून मिळत नाही. बँकेला गटाचं खातं दिसतं. पण त्या पैशातले पाच हजार कोणत्या बाईला दिले, तिने किती फेडले, हे बँकेला कुठून कळणार? ती नोंद गेली तर फेडलेल्या बाईवरही संशय येतो आणि गट मोडायची वेळ येते. या फायली आधी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं कोसळली. माणसं गेली, त्यांच्याबरोबर घरातले कागदही मातीत गेले. ज्या कागदाची प्रत कचेरीत होती, ती मागता तरी येत होती. घरच्या वहीची दुसरी प्रत कुठे असते? संगणकातल्या वहीची मात्र पाच मिनिटांत निघते.

आता या फायली सापडतात कुठे? आपल्याला सवय असते सगळं डेस्कटॉपवर टाकायची. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही फोल्डर बहुधा सी ड्राइव्हमध्येच असतात आणि फॉरमॅटमध्ये तोच पुसला जातो. "डी मध्ये ठेवा, काही होत नाही" असंही सांगतात. ते अर्धंच खरं. बऱ्याच संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क जळाली की दोन्ही गेले. डाळ मिलचा किंवा मसाल्याचा हिशोब टॅलीत असेल तर टॅलीमधलाच बॅकअप घ्या. बिलांच्या पीडीएफ प्रती म्हणजे बॅकअप नव्हे.

एक गोष्ट मात्र विंडोजच्या फोल्डरमधलीच आहे आणि ती हमखास विसरते: फॉन्ट. जुने ठराव आणि अर्ज कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेले असतील, तर फॉरमॅटनंतर फाइल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा काला दिसतो. बायका घाबरतात, फाइल बिघडली म्हणून. फाइल ठीक असते, फॉन्ट गेलेला असतो. विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरमधून त्या छोट्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. श्रीलिपी विकत घेतलं असेल तर त्याचं बिल आणि परवान्याची माहितीही जपा. युनिकोडमध्ये टाइप केलेल्याला ही अडचण सहसा येत नाही. नवं काम त्यातच करा.

नक्कल कधी काढायची? बैठकीत हिशोब लिहून झाला, की उठण्याआधी. दोन पेनड्राइव्ह ठेवा आणि आलटूनपालटून वापरा. काम झालं की लगेच काढून घ्या. लावून ठेवलेला पेनड्राइव्ह संगणकाबरोबर व्हायरसच्या तावडीत सापडतो. एक अध्यक्षांकडे, एक सचिवांकडे असू द्या, पण दोघींची घरं एकाच ओढ्याकाठी नकोत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरलं, ते आपण पाहिलंच आहे. पेनड्राइव्हवर बायकांच्या आधारच्या आणि पासबुकांच्या प्रती असतील तर तो कुलपात हवा, मुलांच्या गाण्यांसाठी द्यायचा नाही.

आणि महिन्यातून एकदा तो पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला लावून कर्जाची यादी उघडून बघा. शेवटच्या बैठकीची तारीख त्यात दिसली पाहिजे.