मजला चढवण्याआधी

घर बांधणाऱ्यांशी आज फक्त कॉलमबद्दल बोलायचं आहे.

कुठल्याही गावात गच्च्यांकडे बघा. कॉलमच्या सळया हात-दोन हात वर सोडलेल्या दिसतात. चार-पाच पावसाळे खाल्लेली सळई नखानं खरवडली तरी गंजाचे पापुद्रे निघतात. पण मालक तिच्याकडे बोट दाखवून म्हणतो, "वरच्या मजल्याची सोय करून ठेवलीय." अहो, मजल्याची सोय फूटिंगमध्ये, म्हणजे कॉलमच्या पायात करावी लागते!

जुन्या घरातली उतरंड आठवा. तळाला रांजण, त्यावर डेरा, मग मडकं, गाडगं. वर आणखी एखादं चढवायचं तर आजी आधी तळचा रांजण निरखायची, त्याच्याखालची चुंबळ चाचपायची. ती चुंबळ म्हणजे आपलं फूटिंग आणि रांजण म्हणजे तळमजल्याचा कॉलम. वरच्या प्रत्येकाचा भार शेवटी त्या दोघांवरच.

आणि भार केवढा? एका बाजूला ४ मीटर, दुसऱ्या बाजूला ३ मीटर अंतरानं कॉलम असतील, तर मधल्या कॉलमच्या वाट्याला १२ चौरस मीटर स्लॅब येतो. पाच इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर. राहत्या खोलीत माणसं आणि सामान यांच्यासाठी आय.एस. ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे धरतात ते साधारण २०० किलो. म्हणजे माणसांपेक्षा स्लॅबच जड! त्यात फरशी, बीम, साडेचार इंची भिंती मिळवा. एका मजल्यामागे त्या एका कॉलमवर १४ टनांच्या आसपास भार येतो. भिंत नऊ इंची विटांची असेल तर तीन मीटर उंचीला एक धावता मीटरच तेरा-चौदाशे किलो भरतो. आणि आपण म्हणतो, "वर काय, दोनच खोल्या काढायच्यात."

पुन्हा सांगतो, कारण हेच कानाआड होतं: वर काय चढणार ते तळाला आधी ठाऊक हवं.

दुसरा हट्ट, कोपरा खोलीत डोकावतो म्हणून कॉलम नऊ इंचांतच बसवायचा. नऊ इंच म्हणजे २३० मिलिमीटर. भूकंपाचा विचार करणाऱ्या आय.एस. १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची बाजू ३०० मिलिमीटरच्या खाली नको, असं आहे. उतरंडीला बाजूनं धक्का बसला तर काय होतं, हे घरात पोरं असलेल्यांना सांगायला नको.

  

एवढं मात्र करा. पायाचे खड्डे मारण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगा, पुढं-मागं किती मजले चढवायचे आहेत, गच्चीवर पाण्याची टाकी केवढी बसवणार आहात. आणि आर.सी.सी. ड्रॉइंगची एक प्रत घराच्या खरेदीखताबरोबर जपून ठेवा. मजला चढवायची वेळ येईल तेव्हा मिस्त्रीला बोलावण्याआधी ती इंजिनिअरला दाखवा.