मीठ न घातलेला भात



धर्म आणि सरकार एकत्र नांदू लागले की काय होतं, या विषयावर बोलताना शेजारच्या देशांकडे बोट दाखवायचा मोह होतो. मी गोव्याकडे बघणार आहे. तिथला प्रयोग अडीचशे वर्षं चालला, आणि आपल्या अगदी दाराशी चालला.

1546 साली फ्रान्सिस झेवियर या जेझुइट धर्मप्रचारकाने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धा तपासणारं चर्चचं न्यायासन, मागितलं. ते 1560 मध्ये आलं. संताने राजाकडे मागणी करावी यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. पोपनेच राजाला पूर्वेकडच्या चर्चचं पालकत्व बहाल केलं होतं. बिशप कोण व्हावा हे राजा सुचवणार आणि चर्चचा खर्चही राजाचाच. चर्चला वाटलं, फुकटात रखवालदार मिळाला.

आपल्याला देवळं पाडल्याचं ठाऊक असतं; मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला कसा गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला कशी आली, हे आपण घरातच ऐकतो. पण या न्यायासनाचा मुख्य रोख होता बाप्तिस्मा घेतलेल्यांवर. म्हणजे जे त्या धर्मात आले होते, त्यांच्यावरच!

गार्सिया द ओर्ता घ्या. हा व्हाइसरॉयच्या वर्तुळातला नामांकित वैद्य. त्याला मुंबई बेट खंडाने मिळालं होतं, हो, आपली मुंबई. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. घराणं मूळचं ज्यू, सक्तीने ख्रिस्ती झालेलं. तो 1568 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, चोरून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याच्या बहिणीला जाळलं. 1580 मध्ये त्याचीही हाडं उकरून काढून जाळली. मेलेल्या माणसाची श्रद्धा तपासायला निघालेलं हे सरकार!

इथे कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. धर्माचं न्यायासन स्वतः कुणाचा जीव घेत नसे. ते दोषी ठरवून माणसाला सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करी, आणि चिता सरकार पेटवी. पाद्री म्हणणार, आम्ही हात लावला नाही. अधिकारी म्हणणार, दोषी आम्ही ठरवलं नाही. दोघांचेही हात स्वच्छ. माझ्या मते या युतीतला सर्वांत मोठा धोका हाच: जाब विचारायला समोर कुणी उरतच नाही.

आणि एकदा पहारा बसला की तो उंबऱ्यावर थांबत नाही. इन्क्विझिशनचा 1736 चा हुकूमनामा पाहा. देशी ख्रिस्त्यांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, दारात तुळस लावू नये, लग्नात पूर्वीच्या रीतीची गाणी-वाजंत्री नको, आणि हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये. समुद्रापलीकडून राज्य करणाऱ्या सत्तेला गोव्याच्या सासष्टीतल्या एखाद्या बाईच्या भाताची चव विचारायची वेळ आली. शेजारणीने कागाळी केली की संपलं.

‘आमच्या धर्माचं सरकार असं वागणार नाही’, असं म्हणणारे प्रत्येक धर्मात भेटतात. झेवियरलाही बिनमिठाचा भात अभिप्रेत नसावा.

पण यात चर्चच्या पदरात काय पडलं? पोर्तुगालमध्ये पोंबालसारखा खमका मंत्री आला, त्याने 1759 मध्ये जेझुइटांना हाकललं आणि 1774 मध्ये गोव्याचं इन्क्विझिशन बंद केलं. त्याची सत्ता गेली, 1778 मध्ये ते पुन्हा सुरू. 1812 मध्ये कायमचं बंद. धर्मशास्त्रात या काळात काही बदललं नव्हतं, बदलले होते ते लिस्बनचे कारभारी. 1835 मध्ये तर गोव्यातले सगळे धार्मिक संघच सरकारने मोडीत काढले, मठ रिकामे केले, मालमत्ता ताब्यात घेतली. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा तो उंच मोडका मनोरा तुम्ही पाहिला असेल. ते आवार तेव्हाच ओस पडलं, 1842 मध्ये छत कोसळलं. तो मठ मराठ्यांनी पाडला नाही की आदिलशहाने. मठ रिकामा करायचा हुकूम काढणारं सरकार कॅथलिकच होतं.