जुनं घर घेताना आधी नकाशा मागा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या कामात प्रोग्रॅम बदलला की आधीची आणि नंतरची प्रत शेजारी ठेवून फरक तपासतो. दुसऱ्याने वापरलेलं घर घेतानाही हेच करायचं, एवढंच मला सांगायचं आहे.

जागा बघायला गेलो की आपण लादी, नळ, उजेड बघतो. हॉल मोठा दिसला की खूश होतो. तो मोठा कसा झाला, हे विचारत नाही. बाल्कनी आत घेतली असेल, गच्चीवर पत्र्याची शेड टाकली असेल, तळमजल्याच्या मोकळ्या जागेत खोली काढली असेल. विकणारा म्हणतो, “सगळ्या बिल्डिंगने केलंय.” पण सगळ्यांनी केलं म्हणून परवानगी मिळाली असं होत नाही.

घर आपल्या नावावर झालं की आधीच्या मालकाचं बांधकामही आपलंच होतं. महाराष्ट्रात १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली ते पाडण्याची नोटीस येऊ शकते. ‘वीस वर्षांपासून आहे’ हा बचाव पुरत नाही. नुसती वर्षं लोटली म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावलं आहे.

मग विकणाऱ्याला जाब विचारता येईल का? मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याने दोष सांगायला हवेत. पण साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला न कळणारे दोष. बंद केलेली बाल्कनी तर डोळ्यांसमोर असते. “तुम्ही बघूनच घेतलंत,” असं तो म्हणू शकतो.

म्हणून विसार देण्याआधी चार कामं करा.

एक, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. विकणाऱ्याकडे नसेल तर सोसायटीकडे विचारा. तिथेही नसेल तर पालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करा.

दोन, नकाशा हातात धरून घरात फिरा. टेप लावा. खाली उतरून बाहेरूनही बघा. वरच्या-खालच्या मजल्यांपेक्षा आपल्या खिडक्या, छज्जे वेगळे आहेत का?

तीन, सोसायटीला लेखी विचारा: या घराबाबत नोटीस, तक्रार किंवा दावा आहे का? सोसायटीचं ना हरकत पत्र म्हणजे पालिकेची मंजुरी नव्हे, हेही लक्षात ठेवा.

चार, फरक आढळला तर साठेखतात लिहून घ्या: विकणाऱ्याने स्वखर्चाने तो भाग पूर्ववत करावा किंवा नियमित करून घ्यावा, उरलेली रक्कम त्यानंतरच. वकिलाला हे कलम आवर्जून दाखवा.

वडिलांचा फंड, बायकोचे दागिने आणि वीस वर्षांचं कर्ज मिळून आपलं घर उभं राहतं. “आज विसार द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे,” अशी घाई एजंट करील. त्याला सांगा, नकाशा दाखवा, मग बोलू.