नक्कल मोटार आणि वाऱ्यावरचे इंजिन

माहुरात राहणाऱ्या माणसाच्या लेखी मोटारींच्या जाती दोनच. एक गडावर चढणारी आणि दुसरी वाटेत उकळणारी. मे महिन्यात तुम्ही रेणुकामातेच्या दर्शनाला कधी आला असाल, तर घाटाच्या वळणावरचे ते चित्र तुम्हांला आठवेल. टोपण उघडून उभी असलेली मोटार, रेडिएटरमधून फुसफुसणारी वाफ, बाटली घेऊन पाण्यासाठी धावणारा मुलगा आणि साऱ्या कुटुंबावर चिडलेले यजमान. एवढ्यात मागून जुन्या धाटणीची एक तीनचाकी रिक्षा फटफट करीत येते आणि सहा माणसे नि नारळाचे एक पोते घेऊन पुढे निघून जाते. तिला पाणी लागत नाही. ती वाऱ्यावर जगते.

या वाऱ्यावर जगणाऱ्या इंजिनाविषयी मला आज चार शब्द सांगायचे आहेत. मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रांचा नि माझा संबंध सायकलीची उतरलेली साखळी बसवण्यापलीकडे कधी गेला नाही. तेव्हा हा विषय माझ्या तोंडी पाहून आमचे पदार्थविज्ञानाचे सहकारी हसतील. हसोत बापडे. मला यात ओढले ते माझ्याच एका विद्यार्थ्याने. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी त्याने वर्ग सोडला आणि किनवटच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून दुचाक्या दुरुस्त करू लागला. काही वर्षांपूर्वी त्याने मला मुद्दाम शेडवर बोलावले. गोणपाट बाजूला केले, तर खाली एक मोटार! दोनच माणसांची, बिनछपराची, पुढून मागून गोल, कासवाने पाठ जरा ताणून घ्यावी तशी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर हाताने ठोकलेला पत्रा. मोबाईलवर एका जर्मन मोटारीचे चित्र पाहून त्याने ती घडवली होती. मागच्या बाजूला इंजिन होते, ते रिक्षाचे.

"नक्कल आहे सर," तो खाली मान घालून म्हणाला.

आता हा 'नक्कल' शब्द मोठा गमतीचा आहे. शाळेत नक्कल केली तर छडी बसते, तमाशात केली तर टाळी पडते आणि कचेरीत तर नक्कल मिळवायला अर्ज करून पैसे मोजावे लागतात. म्हणजे नक्कल ही वाईटच असते, असे निदान आपली भाषा तरी म्हणत नाही. म्हणून मी त्याला विचारले, "अस्सल कोणती?" तो म्हणाला, "पोर्शे ३५६."

घरी येऊन मी या अस्सल मोटारीचे कूळ शोधू लागलो, आणि काय सांगावे, मला मोठी मौज वाटली. ही पहिली पोर्शे १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड नावाच्या लहानशा गावी तयार झाली. युद्ध संपून तीनच वर्षे झालेली, सामानसुमान मिळत नाही, कारखाना म्हणजे लाकूड कापायची जुनी गिरणी. फर्डिनांड पोर्शे यांनी युद्धापूर्वी जर्मनीत सामान्य माणसासाठी फोक्सवॅगन मोटार आखली होती, तीच ती पाठीवर ढाल घेतलेल्या भुंग्यासारखी. त्यांचे चिरंजीव फेरी यांनी त्या स्वस्त मोटारीचे इंजिन, ब्रेक, सुकाणूचे सुटे भाग घेतले, इंजिनाची ताकद थोडी वाढवली आणि वर हाताने ठोकलेले ॲल्युमिनियमचे अंग चढवले. त्या गावी अशा पन्नासेकच गाड्या झाल्या. पुढे कारखाना जर्मनीत श्टुटगार्टला गेला आणि १९६५पर्यंत ३५६ निघत राहिली. आज अस्सल ३५६ घ्यायची तर धनिकालाही दोनदा विचार करावा लागतो. म्हणून अमेरिकेत, ब्राझीलमध्ये लोक तिची नक्कल करतात. फायबरचे अंग, खाली भुंग्याचा सांगाडा, मागे भुंग्याचेच इंजिन. म्हणजे मूळच्या मोटारीने जे केले, तेच नक्कल पुन्हा करते! हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याची मान थोडी वर आली.

पण असल्या नक्कलवाल्यांचे समाधान तिथे होत नाही. अंग धावत्या मोटारीचे नि जीव गरीब भुंग्याचा, ही गोष्ट त्यांना खुपते. मग ते इंजिन नव्याने घडवून घेतात. भुंग्याच्या साध्या इंजिनात ८५.५ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर आणि ६९ मिलिमीटरची पिस्टनची धाव. हिशेब केला तर १५८४ घन सेंटिमीटर भरतात. सिलिंडर ९४चे घातले, क्रँक बदलून धाव ८२ केली की तेच इंजिन २२७६ होते. बाहेरून पाहाल तर पेटी तीच, वारा तोच. आत मात्र जवळजवळ दीडपट आग. आणि खरी पंचाईत इथेच सुरू होते.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलपैकी पाव हिश्शाच्या आसपास शक्ती चाकांच्या कामी येते. बाकीची उष्णता. तीतली बरीच धुराड्यातून जाते, उरलेली सिलिंडरच्या भिंतींतून बाहेर काढावी लागते. पाण्याने काढली तर काम सोपे. एक लिटर पाणी जेवढी उष्णता घेऊन जाते तेवढी न्यायला, तापमान तितकेच वाढू द्यायचे म्हटले तर, तीन हजारांहून अधिक लिटर हवा लागते. म्हणून वाऱ्यावरच्या इंजिनाला धातूच्या पातळ पट्ट्यांची झालर असते. आपले मिस्त्री तिला 'फिन्स' म्हणतात. वाऱ्याला जितकी जास्त जागा शिवायला मिळेल तितके बरे. मोटारसायकलीचे इंजिन उघड्यावर असते, समोरून वारा आपोआप येतो. रिक्षाचे, स्कूटरचे किंवा भुंग्याचे इंजिन आडोशाला असते. तिथे पंखा लागतो आणि पंख्याचा वारा इकडेतिकडे न जाता झालरीतूनच जावा म्हणून भोवती पत्र्याचे आवरण लागते. हे आवरण बिनकामाचे समजून कित्येकजण काढून फेकतात. तसे केले की पंखा फिरतो, आवाज करतो आणि इंजिन मात्र भाजते. उरलेली कामगिरी तेलाची. अशा इंजिनात तेल हे नुसते वंगण नव्हे, ते उष्णता वाहणारे पाणक्याच आहे.

आणखी एक गोष्ट मला या पोराने शिकवली. पंखा इंजिनाच्याच गतीने फिरतो. म्हणून चढावर वरचा गियर धरून गाडी रेटीत नेली, तर इंजिनावर भार पुरा आणि पंखा मात्र मंद. गियर खाली आणला की इंजिन ओरडते खरे, पण वाराही भरपूर मिळतो. "ओरडू द्यावं सर, गप्प झालं की भ्यावं," असे तो म्हणाला. इंजिन गप्प होते ते असे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापले की ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. मधली फट संपली की पिस्टन जाम.

त्याच्या मोटारीचे रडगाणे हेच होते. "चढावर लय तापते हो गाडी." त्याचा तापमापक म्हणजे त्याचा तळहात. तेलाच्या पेटीला हात लावायचा आणि किती आकडे मोजेपर्यंत ठेवता येतो ते पाहायचे. रिक्षाच्या इंजिनावर, घाटाच्या पायथ्याच्या चढावरून आल्यावर, दोन म्हणायच्या आत हात मागे यायचा. अडीच माणसांचे लोखंड ओढायला ते बिचारे केले नव्हतेच. म्हणून त्याने मोठ्या मोटारसायकलीचे ३५० सीसीचे जुने इंजिन आणून ते घडवायला घेतले. सिलिंडर नांदेडहून बोअर करून आणला. उघड्या वाऱ्यावर वाढलेले हे इंजिन आता पेटीत बसणार, म्हणून पट्ट्यावर फिरणारा पंखा जोडला, पत्रा कापून आवरण बनवले. तेल थंड करायला एक लहान जाळी बसवली. मागच्या चाकांना साखळीवरचा डिफरन्शियल आणि उलट चालीसाठी निराळी पेटी. आठ महिने गेले. घरच्यांनी नाके मुरडली. मी मात्र दर रविवारी जाऊन बसत असे.

याच सुमारास मी त्याला देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट सांगितली. सांगली जिल्ह्यातले हे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या या लोहारांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातल्या सामानातून लहानशी जीप घडवली. तोंडवळा जुन्या विलीज जीपचा, चालू व्हायची ती दुचाकीसारखी लाथ मारून. खर्च साठ हजारांच्या घरात आल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. डिसेंबर २०२१मध्ये आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात तिची चित्रफीत आली. त्यांनी कारागिरीचे कौतुक केले आणि त्याचबरोबर हेही सांगितले की, ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावरून हटवली जाईल. तेव्हा ती आम्हांला द्या, बदल्यात बोलेरो घ्या. आपल्या हातची पहिली गाडी म्हणजे घरची लक्ष्मी, ती द्यायला कुटुंबाला जड गेल्याचेही वाचनात आले. जानेवारी २०२२मध्ये बोलेरो दारात आली आणि छोटी जीप कंपनीच्या संग्रहाकडे गेली.

माझा विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी नसती दिली." थोड्या वेळाने म्हणाला, "दिली असती बहुतेक." मला वाटते, दोन्ही उत्तरे खरी होती.

महिंद्र म्हणाले ते कायद्याला धरूनच होते. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम मी त्याच्यासाठी बसून वाचले. नोंदणीच्या पुस्तकात जे लिहिले आहे ते आपल्या मनाने बदलता येत नाही. इंजिन बदलायचे तर आधी परिवहन अधिकाऱ्याची परवानगी पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे अधिक कडक शब्दांत सांगितले. आणि जिची नोंदणीच नाही, अशी घरी केलेली मोटार रस्त्यावर आणायची, तर पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या ए. आर. ए. आय.सारख्या मान्य संस्थेकडून तिचा नमुना तपासून घ्यावा लागतो. तो खर्च कारखान्याला झेपतो, शेडला नाही. "म्हणजे आमच्यासारख्यानं बनवूच नये?" त्याने विचारले. तेव्हा मी वकिली थाटात काहीतरी बोललो. खरे उत्तर मला पुढे मिळाले, आणि ते सांगताना मला अजूनही बरे वाटत नाही.

नवे इंजिन बसले त्या संध्याकाळी ते सुरेख चालले. मोकळ्या आवारात वीस फेऱ्या झाल्या, तळहात पाचपर्यंत टिकला. मी भारावून म्हणालो, "आता गडसुद्धा चढेल रे!" शिक्षकाच्या तोंडचे वाक्य पोरे किती मनावर घेतात, हे वीस वर्षे शिकवूनही मला कळले नव्हते. त्याच रात्री, रस्ता निर्मनुष्य झाल्यावर, हा गडी मोटार घेऊन घाटात गेला. चढला. न थांबता चढला! खरी परीक्षा उतारावर झाली. चाकांना ब्रेक होते ते स्कूटरचे. गाडी जड, उतार लांब, वर इंजिनाची नवी ताकद नि तिच्या भरवशावर वाढलेला वेग. आणि ब्रेकचे पिंपही थंड होते ते वाऱ्यावरच, त्यांना कोणी पंखा लावला नव्हता. तिसऱ्या वळणाशी लायनर तापून पायाखालची पकड गेली. त्याने गियर खाली आणला, मोटार कठड्याला घासत नेली आणि ती थांबली. डावा पत्रा चुरगळला, खांदा निखळला. कठडा नसता तर काय, ते मी लिहीत नाही. समोरून एखादी जीप आली असती तर, हेही नाही.

दवाखान्यात तो हसत होता. मला हसू येईना. आठ महिने आम्ही दोघांनी इंजिनाखेरीज दुसरे काही बोलूनच पाहिले नव्हते. नियमांचे पुस्तक मला तोवर हौशी माणसाच्या वाटेतली काठी वाटत होते. त्यात ब्रेकच्या चाचणीची पानेच्या पाने का असतात, हे मला त्या कठड्याने समजावले. अमेरिकेतला नट जेम्स डीन ३० सप्टेंबर १९५५ रोजी गेला तो पोर्शेच्याच ५५० स्पायडर मोटारीत, दुसऱ्या मोटारीशी टक्कर होऊन. तिच्याही नकला जगभर होतात, आणि तिच्यातही इंजिन वाढवण्याची चर्चा ब्रेकपेक्षा फार होते, असे मला दिसले.

खांदा बरा झाल्यावर त्याने पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले, मागचे पिंप मोठे केले. डावा पत्रा सरळ केला नाही. मी दोनदा सुचवले, तो ऐकत नाही. मोटार आता रस्त्यावर येत नाही. त्याच्या मामाचे शेत आहे, तिथल्या गाडीवाटेवर ती फिरते. वाट मामाची, पोलिसांना नि इतरांना तिचा त्रास नाही. दर महिन्याला तो काहीतरी बदलतो. पंख्याची पाती, आवरणाचा बाक, जाळीची जागा. भुंग्याच्या कारखान्याने हेच काम वर्षानुवर्षे केले. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत पुएब्लाला शेवटचा भुंगा निघाला तेव्हा एकूण संख्या २ कोटी १५ लाखांवर गेली होती, आणि अखेरपर्यंत मागे तेच वाऱ्यावरचे इंजिन होते.

गेल्या दसऱ्याला त्याने मला शेतावर नेले. मोटारीला झेंडूची माळ, टोपणावर हळदीकुंकू. मला शेजारी बसवून त्याने दहा फेऱ्या मारल्या, खालच्याच गियरमध्ये. नाल्याच्या उतारावर मुद्दाम थांबवून दाखवली. मग इंजिन बंद न करता उतरला, मागे गेला आणि म्हणाला, "लावा हात सर."

मी भीत भीत तेलाच्या पेटीला तळहात लावला. सातपर्यंत मोजले.