नावाची पाटी
(कामोठे येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बॅचची वेबसाइट काढायची आहे, त्याबद्दल बोल, असं समितीनं मला सांगितलं. साइट मी दोन रविवारांत करून देईन. मला बोलायचं आहे ते तिच्या नावाबद्दल. कारण नावाच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक करून बसले आहे.

आपल्या वर्गात तीन सुनीता होत्या, आठवतंय? बाई हजेरी घेताना वडिलांचं नाव जोडायच्या, म्हणून कधी घोटाळा झाला नाही. इंटरनेटच्या हजेरीपटावर मात्र एका नावाची एकच ओळ असते. 'सुनीता डॉट कॉम' जगात एकच. ज्यानं आधी मागितलं, त्याला मिळालं. आमच्या सोसायटीच्या बोर्डावर नाव लावायचं तर सेक्रेटरी करारनाम्याची झेरॉक्स मागतात. डोमेन घेताना तुमचा पत्ता, फोन खरा द्यावा लागतो, कधी ओळखपत्रही लागतं; पण हे नाव तुमचंच कशावरून, असं सहसा कुणी विचारत नाही.

माणसांच्या नावांसाठी वेगळी सोय करून पाहिली गेली. डोमेन नावांचा जगभरचा कारभार पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेनं २००० साली, डॉट कॉमसारखी, सात नवी 'आडनावं' मंजूर केली. त्यातलं एक डॉट नेम. सुरुवातीला तिथे आपल्या हजेरीसारखीच पद्धत होती : आधी नाव, मग आडनाव, मग डॉट नेम. त्यामुळे एका आडनावाची अनेक माणसं शेजारी शेजारी राहू शकत. २००४ पासून तिथेही एकच शब्द थेट घेता येऊ लागला. आपल्याकडे डॉट इन २००५ पासून सर्वांना खुलं झालं आणि व्यक्तींसाठी 'डॉट इंड डॉट इन' अशी वेगळी आळी ठेवली गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं डॉट भारत आलं, त्यात मराठीही आहे. म्हणजे 'स्वाती' लिहिताना व्ही की डब्ल्यू, हा वाद तिथे मिटला.

आता माझी गोष्ट. बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर कामोठ्याला माझ्याकडे राहायला आले आणि वहीत आठवणी लिहू लागले. कोणत्या घाटात गाडी बंद पडली, कोण बाई कोंबड्या घेऊन चढायची, असं सगळं. मी ते टाइप करून त्यांच्या पूर्ण नावाच्या डॉट कॉमवर टाकलं. बागेतल्या बाकावरच्या मित्रांना ते ऐटीत सांगायचे, "माझं नाव टाका, मी निघेन."

बाबा गेले. पुढच्याच वर्षी मी नोकरी बदलली. डोमेनच्या नूतनीकरणाची पत्रं जायची ती जुन्या ऑफिसच्या ईमेलवर, आणि तो ईमेल बंद झालेला. कार्डाचीही मुदत संपलेली. एके दिवशी आत्याचा फोन आला, "अगं, दादाचं नाव टाकलं तर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात कशी काय येते?"

वीस वर्षं याच क्षेत्रात काम करते मी. मला नियम पाठ होते. डोमेन विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. डॉट कॉमचं एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचं भाडं भरता येतं. मुदत संपली की आधी कंपनी देईल ती सवलत. मग नाव काढून टाकलं जातं, तरी तीस दिवस जादा पैसे भरून ते सोडवता येतं. मग पाच दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते सगळ्यांसाठी मोकळं. पुष्कळदा त्याआधीच लिलाव होतो. हे सगळं माझ्या बाबांच्या नावाचं झालं आणि मला कळलंही नाही.

तक्रार करता येते का? येते. अरुण जेटलींच्या नावाचं डॉट कॉम दुसऱ्यांकडे होतं. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०११ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. पण गायक स्टिंग २००० साली आपल्या नावाचा असाच दावा हरला, कारण तो इंग्रजीतला रोजचा शब्द आहे. त्या नावावर आपला व्यापारचिन्हासारखा हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू, दोन्ही दाखवावं लागतं. बाबांच्या नावाची माणसं महाराष्ट्रात कितीतरी असतील. एका निवृत्त कंडक्टरचा खास हक्क मी कुठून दाखवणार? आणि भाडं थकवलं होतं ते मीच.

वह्या घरी आहेत, मजकूर माझ्याकडे आहे. तो मी आता 'डॉट इंड डॉट इन'वर ठेवला आहे. पण त्यांच्या मित्रांना पाठ असलेला पत्ता गेला तो गेलाच. त्यातल्या दोघांना मी नवा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. तिसऱ्या काकांनी चिठ्ठी खिशात ठेवली आणि म्हणाले, "त्याचं नाव बदललं का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून समितीला माझी विनंती. डोमेन माझ्या किंवा कुणा एकाच्या नावावर घेऊ नका. मंडळाच्या नावावर घ्या. ईमेल कुणाच्या ऑफिसचा नको, मंडळाचा हवा, आणि त्याचा पासवर्ड दोघांकडे हवा. पाच वर्षांचं भाडं एकदम भरा आणि दरवर्षी स्नेहमेळाव्याच्या जमाखर्चात 'डोमेनची मुदत कधीपर्यंत' ही एक ओळ वाचून दाखवा. मुलींची नावं टाकताना माहेरचं आणि सासरचं, दोन्ही टाका. या मेळाव्यासाठी आपल्याला सगळ्यात जास्त वेळ मुली शोधायलाच लागला.

बाईंनी हजेरीपट वर्षभर रोज उघडला, म्हणून आपली नावं त्यात राहिली. हाही रोज नाही, पण वर्षातून एकदा तरी उघडावा लागेल. ते काम पहिली दोन वर्षं मी करते. माझ्याबरोबर दुसरं कोण, ते चहाच्या वेळी सांगा.